घर एक, दप्तरें चार



शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपणां सर्वांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेली आहे. शाळामास्तर या नात्यानें मीही ती फळ्यावर लिहून तिचा अर्थ मुलांकडून अनेक वेळां वदवून घेतला आहे. परंतु निवृत्तीनंतर स्वतःच्या घरचें एक प्रकरण निस्तरतांना मला असें दिसून आलें कीं, या म्हणीचा अर्धाच भाग आपण लक्षांत ठेवला आहे. कोर्टाची पायरी टाळावयाची असेल तर कचेरीची पायरी वेळेवर चढली पाहिजे, हा तिचा दुसरा भाग होय. तो विसरल्यामुळें चांगलीं शिकलींसवरलीं घरेंही अडचणींत येतात. याविषयीं आज मी चार शब्द सांगणार आहें. मी वकील नव्हें. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करलेला एक साधा गृहस्थ आहें. तेव्हां कायद्याचा कीस काढण्याचा माझा अधिकार नाहीं. जें वकिलांकडून समजून घेतलें, कायद्याच्या पुस्तकांतून पडताळून पाहिलें आणि स्वतः अनुभविलें, तेवढेंच सांगतों.

माझे थोरले बंधु नवी मुंबईंत राहत. नोकरीच्या पैशांतून त्यांनीं तेथें एक लहानशी सदनिका घेतली होती. कांहीं वर्षांपूर्वीं ते अकस्मात् वारले. मागें वहिनी, एक मुलगा, एक मुलगी आणि आमची वृद्ध आई. सोसायटीच्या दप्तरांत मुलाचें नांव नॉमिनी म्हणून लागलेलें होतें. तेवढ्यानें सर्व कांहीं झालें, असें आम्ही सारे धरून चाललों. मालमत्ता कराचें बिल बंधूंच्याच नांवानें येत राहिलें व मुलगा तें भरीत राहिला. मध्यंतरीं वहिनी मुलाकडे पुण्यास जाऊन राहिल्या, तेव्हां घर वर्षभर भाड्यानें दिलें होतें. त्या परत आल्या, तरी घर भाड्याचेंच आहे असें धरून त्याचें करयोग्य मूल्य वाढविल्याची विशेष नोटीस निघाली. ती होती मृत माणसाच्या नांवाची. पहारेकऱ्याच्या टेबलावर ती पडून राहिली, आणि कोणी उघडून पाहण्यापूर्वींच हरकत घेण्याची मुदत टळून गेली. मागाहून बिल हातीं पडलें तेव्हां वहिनींचा धीर सुटला. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, हें घर आपल्या हातून जाणार तर नाहीं ना?"

दोष कचेरीचा नव्हता. घराचा मालक वारला आहे, हें आम्हीं तिला कधीं कळविलेंच नव्हतें.

आतां या प्रकरणाचे दोन धागे आपण वेगळे करूं. पहिला कराचा, दुसरा वारशाचा. हे दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत, हें पुढें आपल्या लक्षांत येईल. तत्पूर्वीं नवी मुंबईची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजीं झाली. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादन करून हें नवें शहर वसविण्यांत आलें. सिडकोनें जे भूखंड दिले ते मुख्यत्वें ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिले. अर्थात् पुष्कळ इमारतींखालील जमिनीचा पट्टा देणारी धनी सिडको आहे. पुढें १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि बेलापूरपासून ऐरोली-दिघ्यापर्यंतच्या भागाची कर आकारणी तिच्याकडे आली. खारघर, कामोठें, कळंबोली, नवीन पनवेल हे भाग १ ऑक्टोबर १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे म्हणजे १ ऑक्टोबर २०१६ रोजीं स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेंत गेले. यामुळें येथील एकाच घराची नोंद चार दप्तरांत असते: पहिलें सोसायटीचें किंवा अपार्टमेंटच्या असोसिएशनचें, दुसरें महापालिकेच्या कर विभागाचें, तिसरें सिडकोचें, आणि चौथें विजेच्या मीटरचें. एका दप्तरांत नांव बदललें म्हणजे दुसऱ्यांत तें आपोआप बदलतें, ही समजूत पुष्कळांची असते, आणि घोटाळ्यांचें मूळ बहुधा तेथेंच असतें.

प्रथम कराविषयीं. आपल्या महापालिका ज्या अधिनियमाखालीं चालतात तो १९४९ सालचा असून त्यास सांप्रत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. करयोग्य मूल्य काढण्याची त्यांतील रीत मुळांत सोपी आहे. घर वर्षानें भाड्यास दिलें असतां वाजवीपणें जें वार्षिक भाडें येईल असें मानतां येतें, त्यांतून दुरुस्ती वगैरेंसाठीं शेंकडा दहा वजा करावयाचे. जें उरेल तें करयोग्य मूल्य. उदाहरणार्थ, एखाद्या घराचें वाजवी भाडें दरमहा १०,००० रुपये धरलें, तर वर्षाचे १,२०,००० रुपये. त्यांतून १२,००० वजा जातां १,०८,००० रुपये हें करयोग्य मूल्य झालें. महापालिका ठरवील त्या दरानें कर बसतो तो या आंकड्यावर. यावरून दिसून येईल कीं, बिल वाढण्याचीं कारणें दोन असूं शकतात. एक तर दर वाढला असेल, किंवा मूल्य वाढलें असेल. दर सर्व शहरास सारखा असतो, त्याविरुद्ध एकट्यानें भांडण्यांत फारसें हांशील नसतें. मूल्य मात्र आपल्या घरापुरतें असतें, आणि चूक होते ती बहुधा तेथें. क्षेत्रफळ जास्त लागलेलें असतें, राहत्या घराची नोंद दुकान किंवा कचेरी म्हणून झालेली असते, मालक स्वतः राहत असतां घर भाड्यानें दिल्याचें लिहिलेलें असतें, किंवा वापर सुरू होण्याची तारीख चुकलेली असते. म्हणून बिल पाहतांना शेवटचा आंकडा पाहून संतापण्यापेक्षां या चार बाबी आधीं तपासाव्या. आकारणीचा उतारा मागून घ्यावा. तो मिळण्यास विलंब लागल्यास २०१५ सालचा लोकसेवा हक्क अधिनियम व २००५ सालचा माहितीचा अधिकार हीं दोन साधनें आपल्या हातीं आहेत. माहितीच्या अर्जास राज्यांत १० रुपये शुल्क लागतें आणि ३० दिवसांत उत्तर द्यावें लागतें.

चूक सांपडली तर पुढें काय? येथें कायद्यानें एक जिना बांधलेला आहे आणि त्याची एकही पायरी गाळून चालत नाहीं. नवीन घराची प्रथम आकारणी होते किंवा जुन्या घराचें मूल्य वाढविलें जातें, तेव्हां मालकास विशेष नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशींत हरकत घेण्याची मुदत छापलेली असते. त्या मुदतींत आयुक्तांकडे लेखी तक्रार करणें ही पहिली पायरी. तक्रारींत आपलें म्हणणें थोडक्यांत व कागदांच्या आधारानें मांडावें, आणि पोंच घेतल्यावांचून कचेरीबाहेर पडूं नये. सुनावणीची तारीख मिळते, त्या दिवशीं स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहावें. निकाल पटला नाहीं तर कलम ४०६ प्रमाणें न्यायाधीशाकडे अपील करतां येतें, ही दुसरी पायरी. करयोग्य मूल्याविरुद्धच्या या अपिलास मुदत आहे अवघी १५ दिवसांची. शिवाय दोन अटी आहेत. आयुक्तांकडे आधीं तक्रार केलेली असून तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. आणि बिल हातीं आलेलें असेल तर मागणीची रक्कम आधीं जमा केलेली असली पाहिजे.

ही दुसरी अट ऐकून पुष्कळ लोक रागावतात. "जो कर मुळांत चुकीचा आहे तो भरून मग भांडावयाचें?" असें ते विचारतात. त्यांचा राग मला समजतो. परंतु त्याचा हिशेब मांडून पाहावा. मुदतींत न भरलेल्या करावर दर महिन्यास शेंकडा दोन या दरानें शास्ति चढते. म्हणजे वर्षास शेंकडा चोवीस. पन्नास हजारांची थकबाकी एक वर्ष तशीच ठेविली तर बारा हजार रुपये नुसत्या शास्तीचे होतात. याउलट रक्कम हरकत नोंदवून भरली, आणि तसें पत्र देऊन त्याची पोंच घेतली, तर शास्ति थांबते, अपिलाचा मार्ग मोकळा राहतो, आणि निकाल आपल्या बाजूनें लागल्यास जादा रक्कम परत मागतां येते किंवा पुढील बिलांत वळती करून घेतां येते. मान राखून भांडण्याची हीच रीत आहे.

पनवेल महापालिकेच्या हद्दींतील अनुभव या बाबतींत बोलका आहे. पालिका स्थापन झाली २०१६ सालीं, आणि मालमत्ता कराचीं बिलें घरोघर आलीं तीं २०२१ सालीं. पण मागणी होती स्थापनेच्या महिन्यापासूनची. मधल्या काळांत आम्ही सिडकोस सेवाशुल्क देत होतों, मग एकाच सेवेचे दोन वेळां पैसे कां, असा खारघर-कामोठ्याकडील रहिवाशांचा सवाल होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलें. रहिवाशांचा सवाल गैर होता असें मी म्हणत नाहीं. परंतु न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ज्यांनीं पैसे भरण्याचें थांबविलें, त्यांच्या बिलावर शास्तीचा डोंगर वाढत गेला, आणि पुढें २०२५ मध्यें पालिकेनें शास्तींत सूट देणारी अभय योजना काढली तेव्हां कुठें अनेकांनीं सुटकेचा श्वास टाकला. अभय योजना ही कृपा आहे, हक्क नव्हे. तिच्या भरंवशावर संसाराचा हिशेब मांडूं नये.

आतां वारशाचा धागा हातीं घेऊं. याच अधिनियमाच्या कर विषयक नियमांत असें सांगितलें आहे कीं, घराची मालकी विक्रीनें, बक्षिसानें वा अन्य रीतीनें बदलली तर तीन महिन्यांच्या आंत, आणि मालकाच्या मृत्यूमुळें बदलली तर मृत्यूपासून एक वर्षाच्या आंत आयुक्तांस लेखी कळविलें पाहिजे. आमच्या घरांतील एकालाही हा नियम ठाऊक नव्हता. तो पाळला असता तर नोटीस वहिनींच्या नांवानें आली असती आणि पहिल्याच आठवड्यांत उत्तर गेलें असतें. दुःखाच्या दिवसांत कागद कोण पाहतो, हें खरें. पण कायद्यानें वर्षाची सवड ठेविली आहे ती त्याकरितांच.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. कराच्या बिलावर नांव लागल्यानें कोणी मालक होत नाहीं. तें बिल फक्त कर कोणाकडून वसूल करावयाचा एवढेंच सांगतें. सर्वोच्च न्यायालयानें फेरफाराच्या नोंदीविषयीं हेंच तत्त्व पुनः पुनः सांगितलें आहे. तेव्हां एखाद्या भावानें बिलावर परस्पर आपलें नांव लावून घेतलें म्हणून इतरांनीं हाय खाऊं नये, आणि त्यानेंही मिशीस पीळ भरूं नये.

हीच गोष्ट नॉमिनीची. नॉमिनी म्हणजे मालक, हा आपल्या समाजांतील अत्यंत दृढ असा गैरसमज आहे. विम्याच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें १९८३ सालींच सांगितलें कीं, नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे. ते पैसे वारसांचे, असें त्या वेळच्या कायद्यावरून ठरलें. शेअरांच्या बाबतींत तोच निर्णय १४ डिसेंबर २०२३ रोजीं दिला गेला. सहकारी गृहनिर्माण संस्थांसंबंधीं २०१९ सालीं आपल्या राज्याच्या सहकारी कायद्यांत जी नवी तरतूद झाली, तिच्या अन्वयें खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीस तात्पुरता सभासद म्हणून घ्यावयाचें असतें. नॉमिनी नेमूं नये असा याचा अर्थ नव्हे. मृत्यूनंतर सोसायटीनें कोणाशीं बोलावें, हें त्यामुळें ठरतें व कामाची खोटी होत नाहीं. परंतु नॉमिनी हा घराची किल्ली सांभाळणारा आहे. घर कोणाचें, हा प्रश्न वारसाहक्काचा आहे.

तर वारस कोण? हिंदु कुटुंबापुरतें बोलावयाचें तर १९५६ चा हिंदु उत्तराधिकार अधिनियम पाहावा लागतो. पुरुष मृत्युपत्र न करतां वारला तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. त्यांत विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई येतात, आणि सर्वांस सारखा वांटा मिळतो. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वांटा जात नाहीं. वडिलार्जित एकत्र मालमत्तेंतही ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या तारखेस वडील हयात असण्याची आवश्यकता नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें. मुसलमान कुटुंबांस त्यांचा स्वतःचा कायदा, ख्रिस्ती व पारशी कुटुंबांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागूं होतो, हें ओघानें सांगून ठेवितों.

या यादींत सर्वांत जास्त विसर पडतो तो आईचा. आमच्याच घरचें गणित पाहा. बंधु वारले त्या दिवशीं घराचे चार सारखे वांटे झाले: वहिनी, मुलगा, मुलगी आणि आमची आई. दोन वर्षांनीं आईही गेली. स्त्रीची मालमत्ता तिच्या मुलांमुलींकडे जाते, आणि आधीं वारलेल्या मुलाचा वांटा त्याच्या मुलांस मिळतो. म्हणजे आईच्या चौथ्या हिश्श्याचे तीन भाग झाले: एक माझा, एक माझ्या बहिणीचा, आणि एक पुतण्या व पुतणी यांचा मिळून. घराचे चोवीस भाग कल्पिले तर वहिनींचे सहा, पुतण्याचे सात, पुतणीचे सात, बहिणीचे दोन आणि माझे दोन. ज्या घरांत मी पाहुणा म्हणून जात असें, त्याचा मी न कळत बारावा हिस्सेदार झालों होतों! वकिलांनीं हा हिशेब कागदावर मांडून दाखविला तेव्हां वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. त्या काय विचार करीत होत्या, हें मला कळत होतें. आज दीर आहे. उद्यां त्याचीं मुलें असतील. तीं काय म्हणतील?

अशा वेळीं मनांत पाप नसणें पुरेसें नसतें. तें कागदावरही नसावें लागतें. त्याचा उपाय हक्कसोडपत्र. ज्या वारसास आपला हिस्सा दुसऱ्या सहवारसास द्यावयाचा आहे, त्यानें तसें पत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावें लागतें. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणें स्थावराचें असें पत्र नोंदविल्यावांचून उपयोगी नाहीं. साध्या कागदावर किंवा नुसत्या नोटरीपुढें केलेल्या सोडचिठ्ठीवर विसंबूं नये. आणखी दोन सूचना. वारसांत कोणी अज्ञान मूल असेल तर त्याचा स्थावरांतील हिस्सा आईबापांनाही न्यायालयाच्या परवानगीवांचून सोडतां वा विकतां येत नाहीं. आणि मृतानें हयातींत दिलेलें मुखत्यारपत्र त्याच्या मृत्यूबरोबर संपतें. त्याच्या जोरावर नंतर केलेला व्यवहार टिकत नाहीं. भगिनींना मी विशेषेंकरून सांगेन कीं, हक्कसोडपत्र हें दान आहे, रूढि नव्हे. वाचून, समजून, स्वेच्छेनें द्यावयाचें असेल तर द्यावें. राखीपौर्णिमेच्या ताटाशेजारीं कागद ठेवून सही मागणें हें भावाला शोभत नाहीं.

जेथें वारसांविषयीं कचेरीस शंका असते तेथें न्यायालयाचा दाखला मागितला जातो. येथेंही दोन दाखल्यांची गल्लत होते. १९२५ च्या अधिनियमाखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र हें बँकेंतील ठेवी, शेअर, येणीं अशा गोष्टींसाठीं असतें, घरासाठीं नव्हे. घरासाठीं लागतें तें वारसा प्रमाणपत्र, आणि तें आपल्या राज्यांत अजूनही १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशन आठ या कायद्याखालीं दिलें जातें. सुमारें दोनशें वर्षांचा हा कायदा. पण काम चोख करतो. अर्ज आल्यावर न्यायालय जाहीरनामा काढतें, हरकतदारांस एक महिन्याची मुदत देतें, आणि हरकत न आल्यास दाखला देतें. साडेबारा टक्के योजनेंतील भूखंडांच्या बाबतींत या दाखल्याचें महत्त्व फार आहे. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन झालें, ज्यांत गोळीबारांत शेतकऱ्यांचे प्राण गेले, त्याचें फळ म्हणून हे भूखंड प्रकल्पग्रस्तांस मिळाले. मूळ खातेदार वारला, त्याचे पांच मुलगे, तीन मुली, नातवंडें, कोणी गांवांत, कोणी परगांवीं. एका बहिणीचें नांव दाखल्यांतून वगळलें, आणि सारें प्रकरण पुनः मुळापासून सुरू झालें, अशीं उदाहरणें आगरी-कोळी वाड्यांत कोणीही सांगेल. म्हणून वंशावळ लिहितांना मन मोठें ठेवावें. त्यांतच शहाणपणही आहे.

हें सर्व टाळण्याचा उत्तम मार्ग म्हणजे मृत्युपत्र. त्यास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणीची सक्ति नाहीं. करणाऱ्याची सही आणि ती पाहून सही करणारे दोन साक्षीदार एवढें पुरें. ज्यांस कांहीं मिळणार आहे त्यांनीं साक्षीदार होऊं नये. मुंबई शहराच्या हद्दीबाहेर केलेल्या आणि नवी मुंबईंतील घरापुरत्या असलेल्या हिंदु माणसाच्या मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ति नाहीं, तरी नोंदणी करून ठेविल्यास पुढील संशय कमी होतो. कित्येक वडील मंडळी मृत्युपत्राऐवजीं हयातींतच घर मुलाच्या नांवें बक्षीस करून टाकतात. जवळच्या नात्यांत राहत्या घराच्या बक्षीसपत्रास मुद्रांक अवघा २०० रुपयांचा, स्थानिक अधिभार काय तो वेगळा, म्हणून हा मोह होतो. पण मृत्युपत्र केव्हांही बदलतां येतें, आणि बक्षीस एकदां दिलें कीं दिलें. ज्यांस तें द्यावयाचेंच आहे, त्यांनीं आपला सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रांत स्पष्ट लिहून घ्यावी. अशी अट मोडली गेली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणें तें बक्षीस रद्द करून घेतां येतें.

शेवटीं वकिलाविषयीं. प्रत्येक कामास वकील लागत नाहीं. कराची तक्रार, सोसायटीचा अर्ज, महापालिकेस कळविण्याचें पत्र हीं कामें कोणत्याही लिहितां येणाऱ्या माणसास स्वतः करतां येतात. परंतु अपील करावयाचें असेल, वारसांत एकमत नसेल, अज्ञान मुलाचा हिस्सा असेल, किंवा हक्कसोडपत्र करावयाचें असेल, तर वकिलाचा सल्ला घेण्यांत कंजूषपणा करूं नये. फी कशाकशाची व किती, हें आधीं लेखी ठरवावें. मूळ कागद देऊं नयेत, प्रती द्याव्या. कोऱ्या कागदावर सही करूं नये. "आंत ओळख आहे, काम करून देतों" म्हणणाऱ्या मध्यस्थास दारांतूनच नमस्कार करावा. आणि पैशाअभावीं कोणी हक्क सोडूं नये. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कामगार आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांस मोफत वकील मिळतो. स्त्रियांस यासाठीं उत्पन्नाची अटसुद्धां नाहीं, ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनही फार थोड्यांस ठाऊक आहे. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावें. भावाभावांतील तंटा असेल तर लोकअदालतीचाही मार्ग आहे. तेथें तडजोड झाली तर भरलेलें न्यायालयीन शुल्क परत मिळतें, आणि निर्णयावर अपील नसल्यामुळें भांडण तेथेंच संपतें.

आमच्या प्रकरणाचा शेवट सांगून मी आपली रजा घेतों. गेल्या वर्षांची मागणी आम्हांस शास्तीसह भरावी लागली. मुदत गेलेली होती, त्यास इलाज नव्हता. पुढील वर्षाच्या आकारणीची जाहीर सूचना निघतांच मात्र वहिनींनीं विजेचीं बिलें आणि सोसायटीचें पत्र जोडून स्वतःच्या हातानें तक्रार लिहिली. सुनावणी झाली आणि घर मालक राहत असल्याची नोंद होऊन मूल्य कमी झालें. बहिणीनें, मीं, पुतण्यानें व पुतणीनें एकाच दिवशीं वहिनींच्या लाभांत हक्कसोडपत्र नोंदविलें. त्या पत्राच्या आधारें आधीं सोसायटीच्या, मग सिडकोच्या, मग महापालिकेच्या, आणि शेवटीं विजेच्या दप्तरांत नांव लागलें. या सर्वांस अकरा महिने लागले. बंधु गेल्यावर वर्षाच्या आंत हें केलें असतें तर आई हयात होती. तिची एक सही पुरली असती, आणि माझा व बहिणीचा हिस्सा उत्पन्नच झाला नसता.

परवां वहिनींकडे गेलों होतों. नव्या वर्षाचें बिल टेबलावर होतें. त्यावर त्यांचें नांव छापलेलें होतें. त्यांनीं मला तें दाखविलें, पुनः घडी घालून बंधूंच्या फोटोखालच्या खणांत ठेविलें, आणि चहा टाकण्यास त्या आंत गेल्या. आपल्या घरचें बिल कोणाच्या नांवानें येतें, हें श्रोत्यांनीं आज रात्रीं एकदां काढून पाहावें, एवढीच माझी विनंति आहे.